दोन पोटांचं अक्षर

१२ जानेवारी २०२५, रविवार

नवी वही. सर्व्हे खात्यात चौतीस वर्षं फील्डबुकाच्या पहिल्या पानावर नाव, गाव आणि काम लिहिलं, ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. तर: तुळजाराम, वय एकसष्ट, राहणार तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. काम: पळनीच्या मुरुगनला चालत जाणे. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. सोबत पत्नी धनलक्ष्मी, म्हणजे आमची धनम. नवस तिचा, पाय माझेही.

आज बेंगळूरहून हरिताने पाठवलेला तंबू आला. लेकीचं म्हणणं असं की, डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली आहे, शाळेच्या ओसरीवर दोनशे माणसांत धूळ खात झोपायची नाही. तंबू पिवळाजर्द आहे आणि पिशवीत मावेल एवढाच आहे. पिशवीतून बाहेर काढल्यावर मात्र तो परत आत जाईना. धनमने त्याच्यावर बसून पाहिलं, मी बसून पाहिलं, शेवटी तो तसाच कपाटावर ठेवला.

ही वही मी देवनागरीत लिहितो. वडिलांनी ओट्यावर पाटी घेऊन अक्षरं शिकवली म्हणून येतात. आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, वाचणारा मी एकटाच. धनमची शाळा तमिळ, हरिताची इंग्रजी. हरिताने लहानपणी हिंदीची ट्यूशन लावून परीक्षा दिल्या होत्या, पण ती आता बेंगळूरला. त्यामुळे वही जेवणाच्या टेबलावर उघडी राहिली तरी चिंता नाही. जे कोणाला सांगता येत नाही ते मी इथे निवांत लिहितो, तेही वडिलांच्या पुस्तकी भाषेत. घरी आम्ही बोलतो ते वेगळं, लिहायला बसलो की ही भाषा कोटासारखी अंगावर चढते.

उदाहरणार्थ: गेला आठवडाभर कॉफीत चिकोरी फार लागते आहे. धनमला सांगितलं तर म्हणेल, स्वतः करून घ्या. म्हणून इथेच लिहितो.

१९ जानेवारी, रविवार

गच्चीवर तंबूचा सराव केला. गच्चीला इथे मोट्टैमाडी म्हणतात. मोट्टै म्हणजे मुंडण केलेलं डोकं. तेव्हा मोट्टैमाडी म्हणजे डोकं भादरलेला मजला. चौतीस वर्षं साखळी टाकून लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या, पण चार काठ्या आणि एक कापड यांची हद्द मला दोन तास ठरवता आली नाही. तिसऱ्यांदा तंबू उभा राहिला तेव्हा शेजारच्या गच्चीवरून टाळ्या आल्या. मी आत जाऊन दाराची साखळी, म्हणजे झिप, लावली, आणि मग ती आतून उघडेना. धनमने बाहेरून उघडली.

खरं सांगायचं तर आत बंद झाल्यावर छातीत धडधडलं. दवाखान्यातल्या त्या मशीनच्या बोगद्यातही असंच झालं होतं. रात्री दिवा विझवून त्या पिशवीत कसा झोपणार कोण जाणे. धनमला सांगणार नाही, नाहीतर ती जायचंच रद्द करील.

२७ जानेवारी, सोमवार

कॉफी एकदम बेश झाली आहे. गेल्या सोमवारपासूनच. दुकानदाराला आपोआप अक्कल आली असावी.

काल संध्याकाळी धनम कुंभकोणमच्या सीतालक्ष्मीशी, म्हणजे तिच्या बहिणीशी, फोनवर बोलत होती. माझी चाहूल लागली तसा तिने आवाज खाली केला, पण ऐकू आलंच. "मोट्टै पक्की केली. त्यांना अजून सांगितलें नाहीं." मला फार बरं वाटलं. दोन पावसाळे गच्ची गळते आहे आणि मी आळस करतो आहे. हिने कोणा मेस्त्रीशी बोलून ठेवलेलं दिसतं, परत आल्यावर मला चकित करायचा बेत असणार. मी काही कळलं नाही असं दाखवलं.

बॅग भरली. बॅगेवर काळ्या मार्करने ठळक नाव घातलं, तुळजाराम, देवनागरीत. हरवली तर कोणाला वाचता येणार नाही, हे नंतर लक्षात आलं.

हा नवस कसा पडला तेही एकदा लिहून ठेवतो. २०२३च्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री छातीवर कोणीतरी अम्मी, म्हणजे आपला वाटणाचा पाटा, ठेवल्यासारखं वाटत होतं. धनमला सांगितलं, वायू झाला आहे. जुन्या वहीत काय ते खरं लिहिलं आणि झोपलो. सकाळी मी न्हाऊन बाहेर येतो तो धनम चप्पल घालून दारात उभी. म्हणाली, मला चक्कर येते, दवाखान्यात चला. ऑटोत चक्कर आलेल्या बाईने माझाच हात घट्ट धरून ठेवला होता. तिथे पोचल्यावर म्हणाली, आलोच आहोत तर आधी यांना तपासा. अर्ध्या तासात मी आत, दुपारपर्यंत नळीत स्टेंट. आणखी तासभर उशीर झाला असता तर ही वही नव्हती. तिला नेमकी त्याच सकाळी चक्कर यावी, याला मी मुरुगनची कृपा म्हणतो. हिची चक्कर त्यानंतर कधी आली नाही.

२९ जानेवारी, बुधवार. वल्लम

निघालो. हिरवी वस्त्रं, गळ्यात तुळशीमाळ. गल्लीतल्या बायकांनी धनमच्या पायांवर पाणी घातलं. वल्लमपर्यंत बारा किलोमीटर, सात तास लागले. त्यातले दोन तास ताक, लिंबूभात आणि कलिंगड वाटणाऱ्यांनी घेतले. रस्त्यावर दर अर्ध्या मैलाला कोणीतरी हात जोडून खायला घालतं. हृदयरोग्याला या रस्त्यावर चालण्यापेक्षा खाण्याचा धोका अधिक.

वाटेत रघोजी भेटला. तंजावूरच्याच कीळवासलला राहतो, स्वतःची ऑटो आहे, यंदा त्याची सतरावी खेप. सोबत बायको, आणि पाठीवर फक्त एक चादर. आमचा तंबू पाहून तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानेच खुंट्या ठोकून दिल्या.

रात्री धनम आपणहून म्हणाली, तिला बंद ठिकाणी भीती वाटते, साखळी अर्धी उघडी ठेवू आणि बॅटरी लावून झोपू. छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईला कशाची भीती वाटलेली मला आठवत नाही. मी मोठ्या मनाने हो म्हटलं.

३० जानेवारी, गुरुवार. सेंगिपट्टी

डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला आहे. लंगडतो ते दिसू नये म्हणून मी दृश्य बघायच्या निमित्ताने दर फर्लांगाला थांबतो. आज मी एवढ्या विजेच्या खांबांचं कौतुक केलं की रघोजीने विचारलं, आधी वीज बोर्डात होतात का.

आणखी एक. धनम घोरते. घरी पंख्याच्या आवाजात कळायचं नाही. तंबूत सगळं कापड कंप पावतं. काल मला वाटलं लॉरी शिरली.

३१ जानेवारी, शुक्रवार. तुवाकुडी

सकाळी डोळे उघडले तर पायाशी कापूस, खोबरेल आणि चिकटपट्टी. धनम म्हणाली, बॅगेचा पट्टा खांद्याला लागत असेल, त्याला लावा. मी खांद्याच्या नावाने घेऊन टाचेला लावलं. भलताच योग जुळून आला.

पण दिवसभर ती बोलली नाही. मी तीनदा विचारलं काय झालं, तीनदा उत्तर आलं, काय व्हायचं आहे. रात्री तिने चादर उचलली आणि बायकांच्या घोळक्यात देवळाच्या ओसरीवर झोपायला गेली. म्हणाली, तंबू तुमचा, तुम्ही शांत झोपा. माझं काय चुकलं हे शोधायला आजचं सबंध पान पुन्हा वाचलं, त्यात काहीच सापडलं नाही. तिच्याशिवाय झोपही आली नाही, तंबू फारच गप्प होता.

२ फेब्रुवारी, रविवार. तिरुच्ची

समेट झाला. कसा झाला माहीत नाही. काल रात्री वहीत दोन ओळी लिहून खोडल्या होत्या की तिच्यावाचून करमत नाही; वहीतून दुःख हलकं होतं ते असं. आज पहाटे बाई तंबूत हजर, हातात दोन लोटे कॉफी.

तिरुच्ची शहर ओलांडताना एक गंमत झाली. दुपारी सावलीला बसलो असताना धनमने माझ्या बॅगेवर बोट ठेवलं. चार दिवस माझ्या पाठीमागून चालते आहे, त्यामुळे माझं नाव तिच्या डोळ्यांसमोर असतं. म्हणाली, "हें दोन पोटांचें अक्षर कोणतें हो?"

मी म्हटलं ळ. आपण बोलतो तोच ळ. पळनीतला, तुळशीतला.

ती ओठांतल्या ओठांत ळ, ळ असं पाच-सहा वेळा म्हणाली. नंतर विचारलं, "हें हिंदींत नसतें, काय?" मी म्हटलं नसतं. "म्हणूनु," असं म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. धूळ गेली होती बहुतेक, त्या रस्त्याला लॉऱ्या फार. मला मात्र मनापासून आनंद झाला. एकसष्टाव्या वर्षी का होईना, घरात कोणीतरी माझ्या अक्षरांची चौकशी केली. परत गेल्यावर तिला अ आ पासून शिकवावं म्हणतो. एवढ्या वयात अवघड जाईल, पण धीर धरला पाहिजे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. मणप्पारै

मुरुक्क्यांचं, म्हणजे चकल्यांचं, गाव. डॉक्टरांना सांगू नका, चार खाल्ले.

तंबूचा आज तमाशा झाला. रस्त्याकडेच्या एका आंब्याखाली उभा करून आम्ही विहिरीवर पाय धुवायला गेलो. परत येतो तो बाहेर अकरा जण रांगेत उभे, पुढे चपलांचा ढीग. कोणाला वाटलं रक्तदाब तपासतात, कोणाला वाटलं आत स्वामी आहेत. एका म्हातारीने तर दाराशी दोन केळी ठेवली होती. मी खरं सांगितलं तेव्हा त्यांचा फार हिरमोड झाला. शेवटी मी माझ्या गोळ्यांच्या डब्यातली दुखऱ्या पायाची मलमं वाटली आणि धनमने तिघींच्या फोडांना पट्ट्या बांधल्या. म्हातारीने केळी परत घेतली नाहीत.

आणि आता जे लिहायचं आहे ते. संध्याकाळी रघोजी धनमला सांगत होता, अक्का, मोट्टैला भल्या पहाटे जा, गर्दी नसते, आणि चंदन बाहेरूनच घेऊन जा. मी मध्येच म्हटलं, गच्चीला चंदन कशाला? सिमेंटच पुरेल. दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

गच्ची नाही. धनमचं डोकं. पळनीला पोचल्यावर ती सगळे केस देणार आहे. दवाखान्यात मी आत असताना तिने हाच नवस बोलला होता: हे उठून तुझ्या डोंगरापर्यंत चालत आले तर माझे केस तुझे. चालण्याचं मला सांगितलं, केसांचं राखून ठेवलं.

मी म्हटलं, सर्दी होईल. ती म्हणाली, टोपी घेतली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार. वैयंपट्टी

आज पाय नीट, फोड बसला, वारा छान, आणि मला काही गोड लागलं नाही.

एरवी मी असं लिहीत नाही, पण या वहीशिवाय कोणाला सांगणार? सत्याऐंशी साली मी जुन्या बसस्टँडवर उभा होतो. पुढे एक मुलगी पाठमोरी, वेणी गुडघ्याच्या जरा वर, वेणीत दवणा. बस आली, ती चढली, आणि मी माझी बस सोडून तिच्या बसमध्ये चढलो. तोंड पाहिलं ते पुढच्या महिन्यात, तेही तिच्या वडिलांच्या घरी रीतसर. ते वेणीवालं स्थळ आपल्याच लोकांतलं निघालं, एवढं माझं नशीब.

तेव्हापासून आजपर्यंत मी दाढी करतो ती तिची वेणी घालायची वेळ साधून. आरसा एकच आहे. तिला वाटतं मला सकाळची घाई असते. निवृत्तीनंतर कसली घाई? केस आता अर्धे पांढरे आहेत, वेणी कमरेपर्यंतही नाही, तरी मी रोज तिथे उभा असतो. हे तिला एकदाही सांगितलेलं नाही. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नाही, आणि मला जमतही नाही.

माझ्यासाठी तिने ते द्यावे हे मला सहन होत नाही. नको म्हणायचा अधिकार मला नाही, नवस तिचा आणि तिच्या देवाचा. पण मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धनमने आज चालताना सगळ्यांसमोर वेणी सोडली आणि वाळवायच्या निमित्ताने दिवसभर मोकळी ठेवली. घरी असं कधी करत नाही. कुठूनसा दवणाही मिळवला होता. मी तिच्या मागून चाललो. आज बॅग तिच्याकडे होती.

९ फेब्रुवारी, रविवार. ओट्टनछत्रम

दोन दिवस लिहिलं नाही. दिंडुक्कलनंतर रस्ता माणसांनी भरून गेला आहे, कावडी, मोरपिसं, लाऊडस्पीकर, आणि सगळीकडे अरोहराचा गजर. चालता चालता माणूस आपोआप पुढे जातो. काल सव्वीस किलोमीटर झाले आणि माझी छाती घड्याळासारखी चालली. हरिताला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली.

तंबू आता मी अकरा मिनिटांत उभा करतो. पिशवीत परत भरायचं तंत्र रघोजीने शोधलं: तो झोपलेला असतानाच गुंडाळायचा, उठू द्यायचा नाही.

आज भाजीबाजारातून जाताना मी सहज विचारल्यासारखं केलं, की पूमुडी म्हणतात ती काय भानगड आहे? बायका म्हणे तीन बोटं केस कापून देतात आणि नवस फिटतो. धनम म्हणाली, "तीन बोटें बोलले असते तर तीन बोटें दिले असते." मग टोमॅटोचा भाव बघायला गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. पळनी, गावाबाहेरची नारळबाग

पोचलो. संध्याकाळी डोंगर दिसला तेव्हा धनम रस्त्यातच बसली आणि मीही बसलो. दोनशे किलोमीटर मी माझ्या पायांनी आलो, यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

आज तैपूसमचा सण, माणसांचा समुद्र, म्हणून दर्शन आणि बाकीचं उद्या. मी ठरवलं आहे. चार वाजता उठायचं, धनम झोपेत असताना मुंडणाच्या मंडपात जायचं आणि माझे केस द्यायचे. त्या बाबतीत माझं या वयातही बरं चाललं आहे, दर महिन्याला रंगवतो हे वेगळं. मग मुरुगनसमोर उभं राहून सांगायचं, वाचलो मी, तेव्हा फेडायचं मी, हिचं सोड. सर्व्हेअर माणूस आहे, एका नंबरची जमीन दुसऱ्या नंबरला लावून द्यायचे अर्ज कितीतरी पाहिले. हाही मान्य होईल.

गजर लावला आहे, घड्याळ उशीखाली. कोणाला काही सांगितलेलं नाही.

*

मी धनम लिहितें. हसूं नका, हात वळत नाहीं.

चार वाजतां उठूनु जाणार म्हणूनु लिहिलां तें वाचलें. गजर मी बंद केला. रघोजीची बायको सोबत आहे, भिऊं नका. नवस माझा, केस माझे. अर्ज चालणार नाहीं.

हरिता चौथींत हिंदी शिकाया बसली तेव्हां तिच्या बाजूस मीही बसत होतें. तिला आलें तें मलाही आलें. तेव्हांपासूनु तुमची वही वाचतें. बावीस वरषें. पहिलें चूक वाटत होतें. मग कळलें, तुम्ही तोंडानें सगळें खोटें सांगतां, वहींत खरें सांगतां. म्हणूनु वाचतें.

छातीवर अम्मी म्हणूनु लिहिलां तें तुम्ही न्हायाला गेलां तेव्हां वाचलें. मला चक्कर नव्हती. त्या पानांत शेवटीं आणखी एक वाक्य होतें. मला काय झालें तर धनमची का, मग तें दोन पोटांचें, मग जी. मधलें अक्षर मला येत नव्हतें. हिंदी पुस्तकांत नाहीं. ऑटोंत तुमचा हात धरूनु तोच एक शब्द मनांत फिरवीत होतें. काय जी, काय जी. दीड वरष. तिरुच्चींत तुम्ही सांगितलां तेव्हां कळलें.

काळजी.

आतां मला सगळीं अक्षरें येतात. वेणीचें पान तीनदां वाचलें. तें आधीं सांगितलां असतां तरी नवस बदलला नसता. पण सांगाया पाहिजे होतें.

लिहिणें सोडूं नका. घोरतें म्हणूनु लिहिलां तें मात्र खोडा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सहा वाजता जाग आली, अंगावर दोन चादरी. बाजूला कोणी नाही, आणि ही वही उघडी.

वरचं वाचून मला पहिल्यांदा राग आला, हे लपवण्यात आता अर्थ नाही. बावीस वर्षं! मी या वह्यांत तिच्या भावाला काय काय म्हटलं आहे, तिच्या आईच्या सांबाराला काय म्हटलं आहे, २०११ साली बदली झाली तेव्हा मन्नारगुडीच्या हेडक्लार्क बाईंच्या हस्ताक्षराचं जरा जास्तच कौतुक केलं होतं. त्या महिन्यात रोज कारल्याची भाजी का होती ते आज कळलं. आता मोडी शिकावी आणि मोडीत लिहावं, असाही विचार आला. नारळबागेतून रस्त्यापर्यंत येईतो राग टिकला. मग मला ती ऑटो आठवली, आणि माझ्या हातावर उमटलेली तिची पाच बोटं.

मंडपाच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस बायका ओळीने बसल्या होत्या, सगळ्यांच्या डोक्याला पिवळं चंदन. मी दोनदा ओळीवरून नजर फिरवली आणि मला माझी बायको सापडेना. मग एकीने माझ्याच पंच्याची घडी करून मांडीवर ठेवलेली दिसली.

ती म्हणाली, "काय बघतां हो?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. वाटेत पाठ केलं होतं. तोंडातून निघालं ते, "थंडी वाजते का?"

"वाजते," ती म्हणाली. "तुम्ही वहींत लिहा. मी उद्यां वाचतें."

मग मी आत जाऊन न्हाव्यापुढे बसलो. अर्ज म्हणून नाही, सोबत म्हणून. रंगवलेले केस खाली पडताना तो हसला. दोघांनी डोंगर चढला. दर्शनाला चार तास लागले. आमच्या दोन डोक्यांना लोक वाट देत होते, ते एक बरं झालं. देवापुढे मी काहीच मागितलं नाही, फक्त पोचलो असं सांगितलं.

आता तंबूत आहोत. उद्या सकाळच्या बसने तंजावूर. धनम झोपली आहे. टोपी घालत नाही म्हणते, बोचते. बॅटरीच्या उजेडात डोकं लहान मुलासारखं दिसतं. मला ज्याची भीती वाटत होती तसं काही झालं नाही. चेहरा तोच आहे, उलट जास्त दिसतो. सत्याऐंशी साली मी ज्याच्यासाठी बस चुकवली ती वेणी होती, हे खरं. पण त्यानंतर मी कोणासाठी थांबलो ते मला आज नीट बघता आलं.

तेव्हा धनम, तू वाचतेस म्हणून सरळ तुलाच लिहितो. तू बेश दिसतेस. वेणी होती तेव्हाही दिसायचीस. छत्तीस वर्षं सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं, माझं चुकलं. छाती ठीक आहे. उजवा गुडघा दुखतो, तो मी आज चढताना लपवला. कॉफीत साखर अर्धा चमचा वाढवली तरी चालेल, डॉक्टरांना कळणार नाही.

तीस तारखेचं ते वाक्य खोडलं आहे. आत्ता चालू आहे, तरीही खोडलं आहे.

वही तुझ्या उशाशी ठेवतो.